एकवीस नंबरचा खांब

"दिसायला भारदस्त आहे हो, पण म्हातारीच्या खाली काही उरलेलं नाही. बसेल एक दिवस मटकन."

हे माझ्या कानावर पडावं असं कुणाच्या मनात नव्हतं. इंजिनियरसाहेब ते नगराध्यक्षांना हळूच सांगत होते. उभे होते माझ्याच कमानीखाली, माझ्याच सावलीत, आणि एक हात माझ्याच दगडावर टेकवलेला. ज्याच्याबद्दल वाईट बोलायचं त्याच्याच अंगावर रेलून बोलायचं, ही माणसांची खोड मी शंभर वर्षं पाहतेय.

ऐकणारी मी एकटीच नव्हते. कमानीच्या पलीकडे एक तरुण बाई चपलेतला खडा काढत उभी होती. खडा केव्हाच निघाला होता, तरी ती वाकलेलीच राहिली. तिच्याबद्दल सांगेनच. पण म्हातारीवर बोट ठेवलंय, तर आधी म्हातारीला बोलू द्या.

मी या गावच्या नगरपालिकेची जुनी इमारत. गाव कोळशाचं, म्हणजे आता एके काळी कोळशाचं. मला पाहून पाहुणे विचारतात, "एवढा काळा दगड कुठून आणला?" मी मूळची काळी नाही हो! नदीपलीकडच्या टेकडीचा गव्हाळ दगड आहे माझा. उद्घाटनाच्या दिवशी मी अशी उजळ दिसत होते की लोक डोळ्यांवर हात धरून बघत होते. मग खाणीच्या धुराने वर्षभर, दोन वर्षं, दहा वर्षं हात फिरवला आणि मी गावाच्या रंगाची झाले. मला त्याचं कधी वाईट वाटलं नाही. इथे सगळ्यांचाच रंग कामावरून आलेला होता.

मला बांधलं खाणीतल्याच माणसांनी. पाळी संपवून वर आले की तोंडही न धुता दगड उचलायला यायचे. त्यांनी माझ्यासाठी हट्ट धरला तो एकाच गोष्टीचा, खिडक्यांचा. आराखड्यात सोळा होत्या. दिवस अंधारात काढणाऱ्या त्या माणसांनी भांडून भांडून त्या बेचाळीस करून घेतल्या.

"अरे, मग भिंत कुठे बांधू?" गवंडी कावला होता.

"दोन खिडक्यांच्या मधे जागा उरेल तिथे बांध की," ते म्हणाले.

म्हणून माझ्या सभागृहात सकाळी ऊन शिरलं की ते सभासदांच्या डोळ्यांत जातं. त्यांना त्याचा त्रास होतो. पडदे लावतात. मी पडदे सहन करते, पण पटत नाहीत मला ते.

माझ्या मनोऱ्यावर चार तोंडांचं घड्याळ आहे. तीन तोंडं सारखी, चौथं खाणीच्या बाजूचं, दीडपट मोठं. पाळी चुकू नये म्हणून. खाणीतले लोक माझ्याकडे जन्म लिहायला यायचे, लग्न नोंदवायला यायचे, आणि आत येताना बूट पायऱ्यांवर काढून ठेवायचे. तसा नियम नव्हता. कुणी पाटीही लावली नव्हती. पण पाळी सुटल्यावर माझ्या पायऱ्यांवर काळ्या बुटांची रांग लागायची, सगळे सारखे, आणि तरी प्रत्येक जण न बघता आपलाच जोड पायात घालायचा. आत येण्याआधी दोनदा पाय झटकायचे. आता खाण नाही, धूळ नाही, पायांत स्वच्छ चपला आहेत, तरी गावातली म्हातारी माणसं माझ्या दारात दोनदा पाय आपटतात. नवे कारकून हसतात. हसू देत.

वाईट दिवसही मी पाहिले. एकदा खाली छत कोसळलं आणि तीन माणसं आत राहिली. त्या दिवशी बायका माझ्या पायऱ्यांवर येऊन बसल्या त्या दुसऱ्या दिवशी दुपारपर्यंत. नावं वाचली गेली ती माझ्याच वरच्या पायरीवरून. पायऱ्यांच्या मधोमध दगड खोलगट झालाय तो नुसत्या चालण्याने नाही. बसण्यानेही झिजतो दगड.

आता माझ्या खालचं सांगते, कारण वाद त्याचाच आहे.

कोळसा काढताना सगळाच काढत नाहीत. वरची जमीन पेलायला मधेमधे कोळशाचेच जाडजूड खांब सोडतात, एकेक खांब मोठ्या वाड्याएवढा. त्यांना नंबर असतात. पुढे खाण संपत आली की परत फिरताना ते खांबही तोडून काढतात आणि मागे छत बसू देतात. माझ्या खाली, माझ्या अंगणासकट मी मावेन असा, एकवीस नंबरचा खांब होता.

खाणीची शेवटची दोन वर्षं मी तो आवाज पायातून ऐकत होते. घणाचे ठोके. अठरा नंबर तुटला तेव्हा माझ्या काचा वाजल्या. एकोणीस तुटला तेव्हा घड्याळ सात मिनिटं थांबलं. विसाव्याला सभागृहाच्या छताचा गिलावा टेबलावर पडला आणि बैठक उठली. मग एका सकाळी ठोके अगदी माझ्या खाली आले. चार ठोके. पाच. मी सगळे दगड आवळून धरले.

आणि ते थांबले. जेवणाच्या सुट्टीला थांबतात तसे. सुट्टी संपली, पाळी संपली, पण माझ्या खाली पुन्हा ठोका पडला नाही. दुसऱ्या दिवशी आवाज आला तो माझ्या पलीकडे, बावीस नंबरवर.

मला कळलं काय झालं ते. पण इमारतीला कोण विचारतं?

खाण बंद झाली. निम्मं गाव दुसरीकडे कामाला गेलं. माझं सभागृह महिन्यातून एकदा उघडायला लागलं, आणि खालच्या मजल्यावर जन्माच्या खिडकीपेक्षा गाव सोडणाऱ्यांच्या दाखल्यांच्या खिडकीसमोर रांग मोठी. कुणीतरी माझ्या पश्चिमेच्या भिंतीला चिकटून तीन मजली नवी बाजू उभी केली. मला न विचारता अंगावर घातलेली. पांढरी, गुळगुळीत, खिडक्या बुटक्या. पाच वर्षांत तिचा पाय खचायला लागला आणि तिने मला ओढायला सुरुवात केली. माझ्या सभागृहात छतापासून खिडकीपर्यंत भेग गेली ती तेव्हापासून.

इंजिनियरसाहेबांनी भेग पाहिली, खाणीचे जुने कागद मागवले. खांबांच्या वहीत लिहिलेलं: 'एकवीस, काढला.' खाली सही. म्हणजे माझ्या खाली पोकळी. म्हणजे मी धोकादायक. म्हणजे पाडा, आणि तिथे बाजारसंकुल बांधा, खाली गाड्या लावायची सोय. कागदाला कागद जोडत गेलं की माणसं कुठेही पोहोचतात.

ती सही मुकादमाची होती.

मुकादम म्हणजे खाणीत रोज सगळ्यांच्या आधी आत जाऊन काठीने छत ठोकून बघणारा माणूस. छत कसं बोलतंय ते ऐकायचं, मग वहीत 'छत ठीक' लिहून सही करायची, मग बाकीचे आत. सव्वीस वर्षं तीनशे माणसं त्या सहीवर खाली उतरली. खाण बंद झाल्यावर नगरपालिकेने त्याला माझ्या घड्याळाला चावी द्यायचं काम दिलं. आठवड्यातून दोनदा ब्याऐंशी पायऱ्या चढायचा. सोबत त्याचा जुना दोस्त, खाणीत पाण्याचा पंप चालवणारा, ज्याला अजून सगळे पंपवालाच म्हणतात. वर बसून दोघं तीच ती भांडणं नव्याने भांडायचे.

कमानीमागे खडा काढणारी ती बाई म्हणजे या मुकादमाची सून. आठ महिन्यांपूर्वी माझ्याच खिडकीसमोर उभं राहून तिने लग्नाच्या नोंदवहीत सही केली होती. नवरा बस चालवतो. सही करताना त्याने दोनदा खाडाखोड केली, तिने एकदाही नाही. पुढे तिला माझ्याच नकाशाखोलीत काम मिळालं, खाणीचे जुने नकाशे साफ करून त्यांची नक्कल करायचं. तिथे नियम असा की दुरुस्ती करायची ती पेन्सिलने. शाई फक्त साहेबांची.

ती बोलायची फार कमी. कारकून आपसात म्हणायचे, "मुकादमाने सून आणली की कपाट?" ती ऐकायची आणि तोंडातल्या तोंडात हसायची. तिच्यासमोर लोक काहीही बोलत, जसे माझ्यासमोर बोलतात. मला ती आवडली ती तिथेच.

मुकादमाला ती बाबा म्हणायची. दुपारी त्याचा चहा घेऊन मनोऱ्यात चढायची. एका दुपारी शेवटच्या वळणावर ती थांबली, कारण वर आवाज चढलेला होता.

"एकवीस आम्ही तोडलाच नाही," मुकादम सांगत होता.

"काय सांगतोस काय!" पंपवाला म्हणाला. "मग सांग की जाऊन त्या इंजिनियरला. कशाची वाट बघतोयस?"

"आणि सही? आयुष्यात एकदा वहीत खोटं लिहिलं मी. आता कबूल केलं तर लोक काय म्हणतील? हे खोटं, मग बाकीचं कशावरून खरं?" मुकादमाचा आवाज खाली आला. "ज्या दिवशी तुझा थोरला भाऊ गेला, त्या दिवशीही मीच 'छत ठीक' लिहिलं होतं."

पंपवाला उठला. जिन्यात त्याला सून भेटली, हातात दोन कप.

"काका, चहा."

"नको आज."

तो खाली उतरून गेला, आणि पुढच्या चावीच्या दिवशी आला नाही. त्याच्या पुढच्याही दिवशी नाही.

सुनेने कप मुकादमापुढे ठेवला. त्याने तिच्या तोंडाकडे बघून ओळखलं. "पोरी, तू काही ऐकलं नाहीस."

"नाही, बाबा."

घरी गेल्यावर ती नवऱ्याशीही बोलली नसावी, कारण दुसऱ्या दिवशी तो जिन्यात विचारत होता, "काय गं, माझं काही चुकलं का?" ती म्हणाली, "तुझं नाही." त्याने सुटकेचा श्वास घेतला आणि बस घेऊन गेला. नवे नवरे असेच असतात, आपल्यावरचं टळलं की जग ठीक.

तिने केलं ते एवढंच. खांबांच्या नकाशाची एक नक्कल काढली, एकवीस नंबरच्या चौकोनात पेन्सिलने एक प्रश्नचिन्ह काढलं, आणि चहाच्या बशीखाली ठेवून वर नेऊन ठेवली. मुकादमाने चहा घेतला. नकाशा पाहिला. खोडरबर त्याच्या खिशात असतो, घड्याळाच्या नोंदी खोडायला. तो काढला, हातात धरून बसला, परत खिशात घातला. तिसऱ्या चावीच्या दिवशीही प्रश्नचिन्ह तसंच होतं. चौथ्या खेपेला तो विचारतो कसा, "बैठक कधी आहे गं?"

"उद्या अकराला, बाबा."

बैठकीला माझ्या सभागृहात उभं राहायला जागा नव्हती. विषय एकच, मला पाडायचा. मुकादम दारात दोनदा पाय आपटून आत आला आणि घोड्याच्या नालेसारख्या त्या मोठ्या टेबलाच्या तोंडाशी उभा राहिला.

"एकवीस नंबर आम्ही तोडला नाही. ही खाली भरीव आहे."

इंजिनियरसाहेबांनी वही उघडून पुढे सरकवली. "ही सही कुणाची?"

"माझी."

"वर 'काढला' असं लिहिलंय."

"मीच लिहिलंय."

"मग मुकादम, खोटं तेव्हा बोललात की आत्ता?"

प्रश्न चुकीचा नव्हता. मला राग आला, तरी चुकीचा नव्हता.

"तेव्हा," मुकादम म्हणाला. "अकरा जण होतो आम्ही. त्या खांबाला टेकून डबे खाल्ले. एक जण म्हणाला, याच्या बरोबर वर माझं लग्न लिहिलंय. दुसरा म्हणाला, माझ्या बापाने वर खिडकी बसवलीय. जेवण झालं, पण कुदळ कुणी उचलेना. 'उचला' म्हणणं माझं काम होतं. मी नाही म्हटलं. कोळसा आम्ही दुसरीकडून भरून दिला, एक गाडी कमी पडू दिली नाही. पण वहीत खोटं लिहिलं, ते मी लिहिलं. आता त्या अकरांतला मी एकटाच इथे आहे."

"वा!" एक सभासद म्हणाला. "मग तुमच्या बाकीच्या सह्यांचं काय समजायचं आम्ही?"

मुकादमाची नजर मागच्या बाकांवर गेली. तिथे पंपवाला बसला होता. इतक्या दिवसांनी पहिल्यांदा. तो सावकाश उठला.

"हे विचारायचा हक्क इथे कुणाला असेल तर मला आहे. माझा भाऊ याच्या सहीवर आत गेला. मी दोन आठवडे घरी बसून हाच विचार केला, अध्यक्षसाहेब. त्या दिवशी 'छत ठीक' लिहून हा स्वतः पहिला आत गेला होता. छत खाली आलं ते याच्या चार पावलं मागे. खोटं लिहिणारा माणूस स्वतःचं डोकं आधी घालत नसतो." मग मुकादमाकडे वळून, "आणि तू रे, मला वीस वर्षं सांगितलं नाहीस एकवीसचं? मी काय गावभर ओरडलो असतो?"

"असतास," मुकादम म्हणाला.

"हो, असतो," पंपवाला म्हणाला, आणि सगळं सभागृह हसलं. काचाही हसल्या माझ्या, थोड्या.

मग भोक पाडून बघायचं ठरलं.

बोअरची गाडी माझ्या मधल्या चौकात उभी राहिली. मी शंभर वर्षांत खूप काही अंगावर घेतलंय, पण पोटात सुई पहिल्यांदाच. पोकळी असेल तर दांडा एकदम खाली जाईल, इंजिनियरसाहेबांनी सांगितलं. सगळे दांड्याकडे बघत होते. मुकादम मात्र भोकातून वर येणाऱ्या पाण्याकडे बघत होता. पाणी पिवळं आलं, मग राखाडी. चाळीस मीटरवर ते काळं झालं. शाईसारखं काळं. मुकादमाने त्यात बोट बुडवलं, वास घेतला, आणि बोट पंपवाल्याच्या नाकापुढे धरलं. पंपवाल्याने त्याचा हात तसाच धरून ठेवला.

दांडा खाली पडला नाही. दोन पुरुष उंचीएवढा सलग कोळसा निघाला, आणि त्याच्याखाली दगड. भोकातून निघालेल्या कोळशाच्या त्या काळ्या कांड्या लाकडी पेटीत ओळीने मांडल्या तेव्हा इंजिनियरसाहेब पेटीसमोर बराच वेळ उकिडवे बसले. माणूस प्रामाणिक. उठून सरळ म्हणाले, "माझं चुकलं. मी वही वाचली, जमीन वाचली नाही." मग त्यांनी नवी बाजू मोजली. ती खांबाच्या बाहेर, पोकळीवर उभी होती. तिला माझ्यापासून वेगळं केलं की माझी भेग थांबणार होती.

पुढच्या बैठकीत मला पाडायचा ठराव कागदावरून काढला. मुकादमाने खांबांची वही मागवली, जुन्या ओळीच्या खाली लिहिलं, 'एकवीस, सोडला', आणि आजची तारीख घालून सही केली. सही जरा वाकडी आली. माझ्या मते ती त्या वहीतली सगळ्यात देखणी सही आहे.

तुम्ही कधी या गावात आलात तर माझ्याकडे जरूर या. पडदे सरकवून खिडक्या मोजा, बेचाळीस भरतात की नाही बघा. काळ्या रंगाला हात लावा, तो उतरत नाही. आणि मी नुसत्या दगडावर उभी नाही, अकरा माणसांच्या 'नको'वर उभी आहे, हे तुमच्या मुलांना सांगा. मला बोलता येत नाही. माझ्यासाठी दर वेळी कुणाला तरी तोंड उघडावं लागतं, आणि पाडायचा ठराव काढला त्याच बैठकीत ते पुन्हा लागलं.

कारण सगळे उठायला लागले होते, खुर्च्या सरकत होत्या, आणि नगराध्यक्ष पेटीतल्या काळ्या कांड्यांकडे बघत खुशीत म्हणाले, "बघा, आपल्याच घराखाली एवढा माल! इंजिनियर, काढायचा म्हटला तर किती टन भरेल हो?"

गमतीत म्हणाले असतील. पण या सभागृहात गमतीत निघालेली गोष्ट दोन महिन्यांनी विषयपत्रिकेवर येते, हे मी जाणते. मुकादमाचा चेहरा पडला.

मागच्या कोपऱ्यात नकाशाची गुंडाळी धरून ती उभी होती. ती पुढे आली. इतक्या लोकांसमोर तिचा आवाज त्या सभागृहाने कधी ऐकलेला नव्हता, आणि कारकुनांनी तर मुळीच नाही. तिने गुंडाळी टेबलावर उलगडली, चारही कोपऱ्यांवर सभासदांचेच चहाचे कप ठेवले, आणि एकवीस नंबरच्या चौकोनावर बोट टेकवलं.

"टन काढू नका, साहेब," ती म्हणाली. "त्याला आता कोळसा म्हणायचं नाही. मी तिथे 'पाया' असं लिहिलंय. शाईने."